माहितीपट काढायचा तर आधी आवाज सांभाळा

दोन वर्षांपूर्वी ईदनंतरच्या आठवड्यात, बाजार थंड असताना, आमचा भाचा दुकानी आला. लग्नाचे शूटिंग हा त्याचा धंदा. दोन कॅमेरे, दिवे, एक मदतनीस असा पसारा आहे आणि सीझनमध्ये त्याला जेवायला फुरसत नसते. चहा झाल्यावर म्हणाला, "मामू, थोडी रक्कम लावाल का? यंत्रमागावर माहितीपट काढायचा आहे." आम्ही विचारले, ऑर्डर कोणाची? तो म्हणाला, "ऑर्डर कोणाचीच नाही."

ऑर्डर नसताना माल विणून ठेवणे म्हणजे काय हे कापडाच्या व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. तरीही आम्ही रक्कम लावली. का लावली, त्यात काय चुकले आणि या धंद्याची आतली बाजू आम्हाला कशी कळली, ते या पानाच्या वाचकांपुढे ठेवावे असे वाटते. आज आपल्या वस्तीत ज्याच्या खिशात कॅमेरा नाही असा जवान उरलेला नाही. ज्यांच्यावर तो कॅमेरा धरावा असे जुने कारागीर मात्र एकेक करून कमी होत आहेत.

आमच्या पिढीला माहितीपट ठाऊक आहे तो थिएटरातला. मुख्य सिनेमा लागण्याआधी फिल्म्स डिव्हिजनची रीळ दाखवीत. धरण, लसीकरण, शेतीची सुधारित पद्धत असे विषय असत आणि पब्लिक तेवढ्या वेळात बाहेर शेंगदाणे घेत उभे राही. १९४८ मध्ये स्थापन झालेली ही सरकारी संस्था २०२२ मध्ये एनएफडीसी या महामंडळात विलीन झाली. तो सरकारी ऑर्डरचा माल होता. स्वतंत्र माहितीपट म्हणजे ज्यात विषय निर्माता स्वतः निवडतो, भांडवल स्वतः उभे करतो आणि गिऱ्हाईकही स्वतःच शोधतो. थोडक्यात, आपल्या जोखमीचा माल.

हा प्रकार काही नवा नाही. सावेदादा म्हणून ओळखले जाणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर हे मुंबईचे फोटोग्राफर. त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनवरची एक कुस्ती चित्रित केली. फिल्म धुण्यासाठी पुन्हा विलायतेला पाठवावी लागली होती. आपल्या देशात खऱ्या घटनेचे चित्रण करणाऱ्या पहिल्या लोकांत एक धंदेवाईक फोटोग्राफर होता, हे आपल्या लक्षात राहत नाही.

आधी नमुना

भाच्याला आम्ही म्हटले, नमुना दाखव. यात आम्ही काही जगावेगळे मागितले नाही. १९१२ मध्ये दादासाहेब फाळके लंडनहून परतले तेव्हा त्यांच्यावर पैसे लावायला कोणी तयार नव्हते. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, रोज थोडे थोडे चित्रण केले आणि दाण्यापासून रोप वर येईपर्यंतची सगळी वाढ पडद्यावर मिनिटभरात दाखवली. ते पाहून यशवंतराव नाडकर्णी यांनी कर्ज दिले. पुढच्या वर्षी 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. आज परदेशी फंडवाले आणि महोत्सववाले तीन-चार मिनिटांचा तुकडा मागतात तो हाच वाटाणा. तागा विकण्याआधी हातभर कापड दाखवावे लागते, तसेच हे.

भाच्याचा पहिला नमुना दिसायला सुंदर होता. रात्रीचा कारखाना, पिवळा दिवा, धावणारा धोटा. पण त्यात माणूस नव्हता. तीन मिनिटांनी आम्ही विचारले, पुढे काय? त्याच्याकडे उत्तर नव्हते. नवशिक्यांची ही नेहमीची चूक असल्याचे नंतर समजले. यंत्र पाच मिनिटे पाहवते. तासभर बघायचे तर कोणीतरी हवा, ज्याला काहीतरी हवे आहे आणि ते मिळेल की नाही याची खात्री नाही.

मालेगावचे उदाहरण आपल्या बहुतेकांना माहीत आहे. तेथील नासिर शेख आणि त्यांच्या मित्रांनी हिंदी सिनेमांच्या नकला मालेगावी ढंगात काढल्या. ते 'मालेगाव का सुपरमॅन' काढत असताना फैजा अहमद खान यांनी त्या मंडळींवरच माहितीपट केला, 'सुपरमेन ऑफ मालेगाव'. तो २००८ मध्ये तयार झाला आणि २०१२ मध्ये थिएटरात लागला. (२०२५ मध्ये आलेला 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा त्याच मंडळींवरचा, पण तो माहितीपट नव्हे, नट घेऊन काढलेला सिनेमा.) माहितीपटात सायकलला ट्रॉली आणि बैलगाडीला क्रेन केलेली दिसते आणि थिएटर हसते. पण पाहणारा शेवटपर्यंत बसतो तो शफीक शेख यांच्यासाठी. यंत्रमागावर काम करणारा हा सडपातळ माणूस सुपरमॅन झाला होता. माहितीपट थिएटरात लागण्याआधीच ते वारले.

हे आम्ही भाच्याला सांगितले, आणि त्यालाच एक बुजुर्ग आठवले.

चाळीस मिनिटे, एकही शब्द नाही

आमच्या वडिलांच्या वेळेपासून त्यांच्याकडे आमचा माल विणला जाई. सगळा मोहल्ला त्यांना चाचा म्हणे. वय ऐंशीच्या पुढे. हातमागावर शिकलेले, मग यंत्रमाग आले तेव्हा तेही शिकले. एका काळी बीम संपला की नव्या बीमचे तार जुन्याला एकेक करून हाताने जोडण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. मजुरीचे दर कोणत्या साली किती होते, मंदीत कोणत्या व्यापाऱ्याने रक्कम बुडवली आणि कोणत्या व्यापाऱ्याने घरी आणून दिली, सगळे तोंडपाठ. कोणत्याही दप्तरात हे लिहिलेले नाही.

भाच्याने त्यांना मुलाच्या कारखान्यात बसवले, मागे चोवीस माग चालू. चित्र फार देखणे आले. चाचा चाळीस मिनिटे बोलले, हातवारे केले, एकदा डोळे पुसले. घरी येऊन लॅपटॉपवर लावले तर नुसती खटखट. आवाज कॅमेऱ्याच्या आपल्याच माइकवर घेतला होता. लग्नाच्या शूटिंगमध्ये वर बँड किंवा गाणे चढवायचे असते, त्यामुळे माणसाचे बोलणे नीट पकडण्याची सवयच नव्हती.

यंत्रमागाच्या कारखान्यात आवाज नव्वद डेसिबलच्या वर जातो. साधे बोलणे साठच्या आसपास असते. आम्हाला वाटले, कॉम्प्युटरवाला हे साफ करील. तो म्हणाला, एकाच टबात दोन रंग मिसळले, आता वेगळे कसे काढू? आजची सॉफ्टवेअरे पंख्याची घरघर, रस्त्याची गुणगुण बऱ्यापैकी काढतात. पण ठोका बोलण्यापेक्षा मोठा असेल तर ती ठोक्याबरोबर शब्दही खाऊन टाकतात. चाचांना पुन्हा विचारले. पावसाळ्यानंतर घरी बसू, असे त्यांनी सांगितले. पावसाळा संपण्याआधीच ते गेले.

त्यांच्या मुलाला आम्ही ते चित्रण दाखवले. माग चालू असताना कामगार एकमेकांचे ओठ पाहून बोलणे समजतात, हे कारखान्यात उभे राहिलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. मुलाने वडिलांच्या ओठांवरून बरीच वाक्ये ओळखली आणि आम्ही ती लिहून घेतली. काही ओळखता आली नाहीत. आवाज तर नाहीच.

या चुकीनंतर आम्ही दोघेही आवाजाच्या कामाकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो. पाहणारा अंधुक चित्र माफ करतो, पण बोलणे कळले नाही तर उठून जातो. कॅमेऱ्यावर लाख रुपये घालणारा जवान माइकवर दोन हजार घालायला कांकू करतो. खरे तर कॉलरला लावायचा साधा माइकही हनुवटीखाली वीतभर अंतरावर असेल तर महागड्या कॅमेऱ्यावरच्या माइकपेक्षा चांगले काम करतो. कारण साधे आहे. बोलणाऱ्यापासूनचे अंतर निम्मे केले की त्याचा आवाज साधारण सहा डेसिबलने वाढतो आणि आजूबाजूचा गोंगाट तेवढाच राहतो. म्हणून पहिली किंमत अंतराची, माइकची नंतर. दुसरे म्हणजे रेकॉर्डिंग चालू असताना एकाने कानाला हेडफोन लावून ऐकत राहायचे. स्क्रीनवरची रेघ हलते म्हणजे आवाज येतो आहे असे नव्हे. भाच्याच्या वेळी रेघ भरपूर हलत होती, ती मागाने हलत होती.

यंत्रमागवाल्यांनी मुलाखत माग बंद असताना घ्यावी. मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात, इतर ठिकाणी ज्या दिवशी सुट्टी असेल तो दिवस धरावा. वीज गेली की तीही संधीच समजावी. मागाचा आवाज वेगळा, दहा मिनिटे, जवळून आणि लांबून घेऊन ठेवावा. तो नंतर बोलण्याखाली हवा तेवढाच बारीक करून घालता येतो. प्रत्येक जागी निघण्याआधी अर्धा मिनिट सगळ्यांनी गप्प उभे राहून त्या खोलीचा मोकळा आवाजही घ्यावा, कारण कापलेल्या दोन वाक्यांमध्ये पूर्ण शांतता आली तर कानाला खड्डा लागतो. आवाज वेगळ्या यंत्रावर घेत असाल तर सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवावी. चित्रातली टाळी आणि आवाजातली टाळी जुळवली की सगळे जुळते. सिनेमावाल्यांची लाकडी पाटी हेच काम करते.

यंत्राचा गोंगाट नेहमी शत्रूच असतो असे मात्र नाही. राहुल जैन यांचा 'मशीन्स' हा २०१६ चा माहितीपट गुजरातेतील सुरतेकडच्या एका कापड कारखान्यात काढलेला आहे. त्यात निवेदन नाही. छपाईची यंत्रे, भट्टी, ओल्या कापडाचे ढीग आणि त्यांचा आवाज, आणि मधूनमधून शांत कोपऱ्यात घेतलेले कामगारांचे बोलणे. २०१७ मध्ये अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात त्याला छायाचित्रणासाठी बक्षीस मिळाले. आम्हाला त्यातला लक्षात राहिलेला प्रसंग वेगळा आहे. कामगार घोळका करून चित्रण करणाऱ्यालाच विचारतात की तुम्ही आलात, पाहिलेत, आता निघून जाल, आमच्यासाठी काय करणार ते सांगा. दिग्दर्शकाने तो प्रसंग कापला नाही. आपल्या कारखान्यात कॅमेरा घेऊन जाणाऱ्याने या प्रश्नाची तयारी ठेवून जावे.

उजेड, धूळ आणि हिरवे कापड

चित्राच्या बाजूचे फार लिहीत नाही, कारण जवान मुलांना ते आमच्यापेक्षा जास्त कळते. दोनच गोष्टी कारखान्याच्या दृष्टीने सांगतो. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास हेलकाव्यांची. जुन्या ट्यूबलाइट आणि हलके एलईडी दिवे त्या चालीवर लुकलुकतात, डोळ्याला ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसते. मोबाइल आणि बरेच कॅमेरे सेकंदाला तीस चित्रांवर लावलेले असतात, मग पडद्यावर काळ्या पट्ट्या सरकताना दिसतात. सेटिंगमध्ये सेकंदाला पंचवीस चित्रे आणि शटर एक पन्नासांश करावे, बहुतेक वेळा पट्ट्या जातात. दुसरे, मागाच्या थरथरीने जमीन हलते आणि तिच्याबरोबर स्टँडही. स्टँडच्या पायाखाली जाड रबर किंवा चार घड्यांचे कापड घालावे, आणि सुताचा तूस लेन्सवर बसतो तो दर तासाला मऊ ब्रशने झटकावा, फडक्याने घासू नये.

हिरव्या कापडाबद्दल लिहिण्याचा मोह कापडवाला म्हणून आवरत नाही. सुपरमॅन उडवण्यासाठी मालेगावकरांनी मागे हिरवे कापड लावले, ती युक्ती क्रोमा नावाने ओळखली जाते. कॉम्प्युटर हिरवा रंग ओळखून काढून टाकतो आणि तेथे आभाळ भरतो. त्यासाठी कापड एकसारख्या रंगाईचे, बिनचमकीचे आणि बिनसुरकुतीचे हवे. चमक आली की तेथे हिरवा पांढरा होतो, सुरकुती पडली की काळा. सॅटिन घेऊन जाणारे गिऱ्हाईक आम्ही स्वतः परत पाठवले आहे. माहितीपटात मात्र याची गरज क्वचितच पडते.

इजाजत कागदावर

आपण व्यवहार तोंडावर करतो. चिठ्ठीवर लाखोंचा माल जातो. त्यामुळे ज्याचे चित्रण केले त्याची सही घ्यायची म्हटले की आपल्याला लाज वाटते, समोरच्याला शंका येते. पण टीव्ही चॅनेल असो की ओटीटी कंपनी, कागद नसेल तर कोणीही माल उचलत नाही. कागद त्या माणसाला वाचता येईल अशा भाषेत असावा. आम्ही उर्दू आणि मराठीत एकेक पानाचा केला. कोण चित्रण करतो, कशासाठी, कोठे कोठे दाखवले जाईल, आणि दाखवण्याआधी त्याला पाहायला मिळेल की नाही. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांना कॅमेऱ्यासमोर वाचून दाखवला आणि त्यांचे होकाराचे बोल रेकॉर्ड करून घेतले. एका कारखानदाराने आत येऊ दिले पण सही दिली नाही. त्याच्या कारखान्यातले दोन दिवसांचे चित्रण आम्ही बाजूला ठेवले.

सही घेतली म्हणजे मन राखले असे होत नाही. चित्रकूटहून २००२ मध्ये सुरू झालेल्या 'खबर लहरिया' या ग्रामीण महिलांच्या वृत्तपत्रावर 'रायटिंग विथ फायर' हा माहितीपट निघाला आणि ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. पण २०२२ मध्ये त्या बायकांच्याच संस्थेने जाहीर केले की चित्रपट प्रभावी आहे, तरी आमच्या कामाचे पूर्ण चित्र त्यात आलेले नाही. उलट बाजूचे उदाहरण शौनक सेन यांच्या 'ऑल दॅट ब्रीद्स'चे. दिल्लीच्या वजिराबादेत जखमी घारींवर उपचार करणारे नदीम शहजाद आणि मोहम्मद सऊद हे भाऊ. त्याच तळघरात साबणाचे डिस्पेन्सर बनवण्याचा त्यांचा छोटा कारखाना होता. चित्रण तीन वर्षे चालले. माणसे कॅमेरा विसरून बोलतात ती एवढ्या सहवासाने. कान महोत्सवात २०२२ मध्ये त्याला सर्वोत्तम माहितीपटाचे बक्षीस मिळाले.

कागदाचा एक सापळा आमच्या ध्यानी आला नव्हता तो रेडिओचा. कारखान्यात दिवसभर गाणी वाजतात. चित्रणात मागे जुने सिनेमाचे गाणे ऐकू आले तर त्याचे हक्क गाण्याच्या कंपनीकडे असतात आणि विकताना ते आडवे येते. म्हणून आत शिरताच आधी सलाम, मग रेडिओ बंद करण्याची विनंती. तसेच भांडवल लावणारा आणि काम करणारा यांच्यातही लेखी ठरावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे उलट करार नसेल तर चित्रपटाचा पहिला मालक निर्माता, आणि निर्माता म्हणजे तो काढण्याचा पुढाकार व जबाबदारी घेणारा. नुसते पैसे दिले म्हणून आम्ही निर्माता होत नव्हतो. मामा-भाच्याने स्टॅम्प पेपरवर करार केला तेव्हा घरात दोन दिवस हसे झाले. आम्ही हसू दिले.

वह्या, डिस्क आणि हिशेब

बावीस तासांचे चित्रण झाले आणि त्यातून चोवीस मिनिटांचा माहितीपट निघाला. पंचावन्न मिनिटांमागे एक मिनिट. कापडात एवढी चिंधी निघाली तर दुकानाला कुलूप लागेल, पण या धंद्यात हे चालते. खरे काम तेथेच आहे. बोलणारे सगळे उर्दूत बोललेले, आणि आमचे शिक्षण उर्दू माध्यमातले, ते येथे कामी आले. भाचा ऐकवायचा आणि आम्ही मिनिट-सेकंदासह वहीत उतरवायचो. चार वह्या भरल्या. मग त्यातली कामाची वाक्ये चिठ्ठ्यांवर लिहून दुकानातल्या मापाच्या टेबलावर मांडली, हलवली, काढली. कॉम्प्युटरवर बसण्याआधी कागदावर बांधणी केली तर एडिटिंगवाल्याचे अर्धे दिवस वाचतात, आणि तो दिवसावर पैसे घेतो.

चित्रण सांभाळणे ही अमानत आहे. चांगल्या दर्जाचे एक तास चित्रण सुमारे पंचेचाळीस जीबी जागा घेते. म्हणजे बावीस तासांचा जवळजवळ एक टीबी. त्याच्या दोन प्रती दोन डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत ठेवाव्यात, आणि दोन्ही प्रती उघडून पाहिल्याशिवाय कार्ड कोरे करू नये. माहितीपट झाला म्हणून उरलेले चित्रण पुसूनही टाकू नये. आनंद पटवर्धन यांच्या १९८५ च्या 'हमारा शहर'मध्ये शाहीर विलास घोगरे गाताना दिसतात. १९९७ मध्ये घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे गेली, आणि त्यानंतर घोगरे यांनी आत्महत्या केली. तेथून सुरू झालेला 'जय भीम कॉम्रेड' पूर्ण व्हायला चौदा वर्षे लागली, २०११ उजाडले. जुने चित्रण जपलेले होते म्हणून घोगरे त्यात स्वतःच्या आवाजात गातात.

आता खात्याकडे वळू. माइक आणि रेकॉर्डर १४ हजार, डिस्क ११ हजार, प्रवास आणि जेवण १७ हजार, एडिटिंग ४० हजार, रंग-आवाजाची दुरुस्ती आणि खाली येणाऱ्या इंग्रजी ओळी १८ हजार, किरकोळ १२ हजार. एकूण १ लाख १२ हजार. यात कॅमेऱ्याचे भाडे नाही, कारण कॅमेरा भाच्याचा. त्याची आणि मदतनिसाची मजुरीही नाही. व्यापारी म्हणून सांगतो, हा हिशेब खोटा आहे. घरची मजुरी न धरता कापडाचा भाव काढणारा कारखानदार असाच बुडतो. या धंद्यातली बहुतेक खाती अशीच लिहिलेली असतात.

वसुलीचे स्पष्ट बोललेले बरे. फक्त माहितीपटावर घर चालवणारे फार थोडे. बहुतेक लोक जाहिराती, लग्ने, कारखान्यांच्या ओळखफिती, संस्थांचे अहवाल असे काम करून त्या कमाईवर आपला माहितीपट काढतात. यात कमीपणा नाही. निर्यात करणाऱ्यांना परदेशी खरेदीदाराला कारखाना दाखवण्यासाठी फिती लागतातच, आणि ज्याला गोंगाटात स्वच्छ आवाज घेता येतो असा माणूस त्यांना सहज मिळत नाही. भाच्याला माहितीपटामुळे अशी दोन कामे मिळाली. महोत्सवांपैकी आपल्या जवळचा म्हणजे १९९० पासून मुंबईत दर दोन वर्षांनी होत आलेला आंतरराष्ट्रीय माहितीपट महोत्सव, आणि केरळचा लघुपट-माहितीपट महोत्सव. परदेशी महोत्सवांत प्रवेश फी असते. वीस ठिकाणी फी भरून मोकळे होण्यापेक्षा चार ठिकाणे पाहून भरावी.

सार्वजनिक प्रदर्शनासाठी १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याप्रमाणे सेन्सॉरचे प्रमाणपत्र लागते, अर्ज आता ऑनलाइन होतो. तेथे अडले तर मार्ग बंद होत नाही. पटवर्धन यांच्या 'वॉर अँड पीस'मधून बरेच काही कापायला सांगितले होते, २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो एकही कट न घेता मोकळा केला. अर्थात कोर्टाचा खर्च आणि वर्षे धरूनच ती हिंमत करावी.

आमचा माहितीपट प्रमाणपत्राला पाठवण्याआधी एका सुट्टीच्या दिवशी त्याच कारखान्यात दाखवला. मागांच्या मधल्या वाटेत साडेतीन मीटर ग्रे कापड ताणून बांधले, भाड्याने प्रोजेक्टर आणला. त्यात असलेले सगळे लोक घरच्यांसह आले होते. एका कारागिराने नंतर बाजूला घेऊन सांगितले की तो खोकतानाचा भाग काढा, मुलीचे लग्न ठरवायचे आहे. आम्ही काढला. भाचा दोन दिवस नाराज होता, कारण त्याच्या मते तो सर्वांत खरा भाग होता.

चाचांचा भाग आम्ही ठेवला आहे. आवाज तोच, मागांची खटखट, आणि खाली त्यांच्या मुलाने ओठांवरून ओळखलेली वाक्ये. जेथे ओळखता आली नाहीत तेथे ओळ रिकामी आहे. मुलाने तो तुकडा तीनदा लावायला सांगितला आणि दोन ठिकाणी शब्द बदलून घेतले.